वय 47, कोपर कुरकुरतंय, तरीही पकडीची ताकद वाढवायची आहे आणि सळया वाकवायला शिकायचंय. कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की वय 47 आहे, डेडलिफ्ट आणि स्क्वॉट बरीच वर्षं चालू आहेत. आता ग्रिपर (मुठीत दाबून बंद करायचं स्प्रिंगचं साधन) आणि खिळे वाकवण्याचा नाद लागलाय, पण तीन महिन्यांतच कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. या वयात हे सोडून द्यावं की काही पद्धत आहे, हा तुमचा प्रश्न. सोडू नका. मी पन्नाशी ओलांडली आहे, पॉवरलिफ्टिंग करून मग याकडे वळलो आणि आजही आठवड्यातून एकदा स्टील वाकवतो. पद्धत मात्र बदलावी लागेल.

तुमची अडचण ताकद कमी पडण्याची नाहीच, उलट ती जास्त असण्याची आहे. नवख्या माणसाची पाठ, खांदे आणि हात बरोबरीने वाढतात, त्यामुळे त्याला मनगटाच्या सोसण्यापलीकडचा जोर लावताच येत नाही. तुमच्याकडे मोठ्या स्नायूंचं बळ आधीपासून तयार आहे आणि ते सगळं कोपराजवळच्या एका छोट्या जागेवर येऊन पडतं. बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांमध्ये नसतात. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब टेंडनने, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाने, बोटं ओढतात. त्यातल्या बऱ्याच स्नायूंचा उगम कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर होतो. तुमचं दुखणं नेमकं तिथलंच दिसतंय, ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. खात्री मात्र ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओकडूनच करून घ्या. करंगळीला मुंग्या येत असतील तर लगेच जा, कारण त्याच भागातून अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, जाते.

स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, टेंडनला महिने लागतात. टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो आणि वय वाढतं तशी त्यांची डागडुजी आणखी संथ होते. म्हणून चाळिशीनंतर या खेळाचं वेळापत्रक स्नायूंना विचारून ठरवायचं नाही. ‘आज अजून जमतंय’ हे स्नायू सांगत असतात. टेंडनचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. व्यायाम करताना शरीर तापलेलं असतं, दुखणं दबतं आणि माणूस फसतो. सकाळी उठल्यावर ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळून बघा. कोपर काल सकाळसारखंच असेल तर कालचा व्यायाम योग्य होता. जास्त दुखलं, तर व्यायाम करताना कितीही छान वाटलं असलं तरी तो जास्त झाला होता. पुढच्या वेळी सेट निम्मे करा. हा एक नियम पाळलात तर बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

‘पकड’ म्हणून आपण जे एकच समजतो त्यात खरं तर वेगवेगळ्या ताकदी आहेत. मूठ आवळून दाबणं वेगळं, ते ग्रिपरवर कळतं. वजन धरून ठेवणं वेगळं, ते डेडलिफ्टमध्ये लागतं. अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीत धरणं वेगळं. उघड्या हाताने जाड हँडल धरणं तर आणखीच वेगळं. ब्रिटिश ताकदवीर थॉमस इंच यांचं प्रसिद्ध डंबेल सुमारे 78 किलोचं आहे. डेडलिफ्ट करणाऱ्याला हा आकडा मोठा वाटत नाही, पण त्याचं हँडल जवळजवळ 6 सेंमी जाड आहे आणि ते फिरत नाही. म्हणून भलेभले ताकदवान लोक ते एका हाताने जमिनीवरून हलवू शकत नाहीत. एका प्रकारची ताकद दुसऱ्यात पूर्ण उतरत नाही. दणकट ग्रिपर बंद करणाऱ्याला दोन गुळगुळीत प्लेट चिमटीत उचलता येतीलच असं नाही. आणि सळई वाकवण्यात यांपैकी कशाहीपेक्षा मनगटाचा वाटा मोठा.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर आधी मनगटं बांधली असती, आणि त्यासाठी घणासारखं दुसरं साधन नाही. दांड्याला मध्याजवळ धरा, हात शरीराशेजारी सरळ खाली सोडा आणि घणाचं डोकं पुढे ठेवून फक्त मनगटाने वर-खाली करा. मग तेच डोकं मागे ठेवून करा. वजन वाढवायची गरज नाही. मूठ दांड्याच्या टोकाकडे बोटभर सरकवली की भार वाढतो. जो ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत ताकदीचे प्रयोग करत राहिला, त्या ‘मायटी ॲटम’ जो ग्रीनस्टाइनचा शिष्य स्लिम फारमन घण मनगटावर तोलण्यासाठीच ओळखला गेला. त्याच्यासारखा घण चेहऱ्यावर उतरवण्याचा प्रकार मात्र एवढ्यात करू नका. पकड सुटली तर थेट नाकावर येतो.

बोटं उघडणाऱ्या स्नायूंकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. पाचही बोटांभोवती जाड रबर बँड घालून हात उघडा किंवा तांदळाने भरलेल्या बादलीत हात खुपसून बोटं पसरा. रोज केलं तरी चालतं. त्याशिवाय हलक्या डंबेलने मनगट वर-खाली करताना खाली सोडायची गती फार संथ ठेवा. दुखऱ्या कोपरासाठी मला सगळ्यात जास्त फरक यानेच जाणवला.

डेडलिफ्टबाबत थोडक्यात: हलके सेट पट्ट्यांशिवाय (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळतात त्या), दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून करा आणि जड सेटला पट्ट्या बांधा. पट्ट्या वापरल्याने पकड कमजोर होते असं ऐकायला मिळतं. तुम्ही पकडीचा वेगळा व्यायाम करता, त्यामुळे तुम्हाला ते लागू नाही. एक तळवा वर आणि एक खाली ही पकड जड वजनाला मी आता टाळतो, कारण तळवा वर असलेल्या हाताचा बायसेप्स त्यात फाटू शकतो.

आता सळई, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंय.

आधी थोडं गणित, कारण न कळता इजा होते ती इथेच. गोल सळई वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 6 मिमीवरून 8 मिमीवर गेलात तर फक्त 2 मिमी वाढले असं वाटतं, पण लागणारा जोर जवळजवळ 2.4 पट होतो. लांबीचं उलट असतं: तुकडा जितका आखूड, तितकी टोकांवरची तरफ कमी आणि काम अवघड. तिसरी गोष्ट धातूची जात. काळी हॉट रोल्ड माइल्ड स्टीलची सळई नरम असते, त्याच मापाची चकचकीत ब्राइट बार बरीच कडक. स्टेनलेस तर वाकता वाकता झपाट्याने कडक होत जातं, त्यामुळे शेवटचा टप्पा छळतो. तेव्हा व्यास वाढवायची घाई नको. 6 मिमी हॉट रोल्डचा 20 सेंमीचा तुकडा घ्या. 5 मिमीचा मिळाला तर अशा कोपराला आणखी बरा. तो सहज जमला की दर वेळी 1 सेंमी आखूड करत जा, मग त्याच व्यासाची ब्राइट बार घ्या आणि नंतरच व्यास वाढवा. पकडीची साधनं बनवणाऱ्या आयर्नमाइंड कंपनीच्या ज्या ‘रेड नेल’चं एवढं नाव आहे, तो 5/16 इंच म्हणजे सुमारे 8 मिमी व्यासाचा, 7 इंच लांबीचा कोल्ड रोल्ड, म्हणजे हॉट रोल्डपेक्षा कडक, तुकडा असतो. तुम्ही कुठे उभे आहात, हे यावरून कळेल.

पकडायच्या तीन पद्धती आहेत. दोन्ही तळवे खाली, दोन्ही तळवे वर, किंवा एक वर एक खाली. पहिलीत छाती आणि खांदे मदतीला येतात, म्हणून बहुतेकांची सगळ्यात जड सळई याच पद्धतीत वाकते. दुसरीत जवळजवळ सगळा भार मनगटावर येतो, ती सध्या बाजूला ठेवा. तिसरीत कोपरं शरीराजवळ राहतात. सुरुवात मी तिसरीने करायला सांगेन.

टोकांना चामड्याच्या किंवा जाड कॅनव्हासच्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि इतक्या घट्ट की हातात पट्टी सळईवर अजिबात फिरता कामा नये. ती सैल असली तर तुमचा जोर सळईत न जाता तळहाताच्या कातडीत जातो. त्याआधी कापलेल्या टोकांवरची धार कानशीने घासून काढा. डोळ्यांना गॉगल लावाच. आणि कडक केलेले हाय टेन्साइल बोल्ट इतक्यात हातात घेऊ नका. ते वाकण्याऐवजी तुटून उडू शकतात.

आता जोर लावताना काय होतं ते सांगतो, म्हणजे पहिल्यांदा घाबरून सोडून देणार नाही. पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. सळई जराशी लवते आणि सोडली की होती तशी सरळ. यात बहुतेक जण झटका देतात, आणि टेंडन दुखावते ती त्या झटक्यातच. झटका द्यायचा नाही. जोर हळूहळू चढवत न्यायचा आणि टिपेला पोचल्यावर तिथेच धरून ठेवायचा. माइल्ड स्टील एका मर्यादेपर्यंत तुमचा सगळा जोर परत करतं आणि ती ओलांडली की एकदम नमतं. ते हाताला स्पष्ट कळतं. मध्यावर एक लहानसा कोन दिसतो, त्यालाच किंक म्हणतात. किंक बसली की सगळ्यात मोठा अडसर गेला. मग थांबू नका, हात सावरून घ्या आणि पुढे रेटा. तुम्ही केलेल्या कामाचा बहुतेक भाग धातूत उष्णता म्हणून उतरतो, म्हणून वाकलेला भाग चांगलाच गरम होतो. उघड्या बोटाने त्याला लगेच हात लावू नका. सळई काटकोनापलीकडे गेली की दोन्ही तळवे आतल्या बाजूला घेऊन टोकं एकमेकांकडे चेपायची. टोकांमधलं अंतर 2 इंचांच्या आत आलं की सळई वाकली असं धरतात.

अर्धवट राहिली तर नंतरसाठी जपून ठेवू नका. वाकलेल्या जागी धातू कडक झालेला असतो आणि माइल्ड स्टील काही आठवडे तसंच पडून राहिलं तर आणखी कडक होतं. नवा तुकडा घ्या, सेंटिमीटरभर लांब.

किती करायचं? सळईचा दिवस आठवड्यातून एकच, ग्रिपरचा एक, आणि मधे किमान दोन दिवस मोकळे. सळईच्या दिवशी आधी दोन-तीन सोप्या सळया, मग दोन जड, आणि संपवा. उत्साहाच्या भरात डबा रिकामा करायचा नाही. ओढायचे जड व्यायाम त्याच दिवशी उरकले तर कोपराला खरी विश्रांती मिळते. सध्याचं दुखणं उतरेपर्यंत मात्र फक्त घण, रबर बँड आणि डंबेलची संथ हालचाल, तीही हलकी.

रक्तदाबाबद्दल प्रश्नात काही नाही, पण हे वाचाच. पूर्ण जोराने मूठ आवळणं आणि श्वास कोंडणं एकत्र आलं की रक्तदाब झपाट्याने चढतो. आधी तपासून घ्या. औषध चालू असेल, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी जास्तीत जास्त जोर लावून धरून ठेवण्याचा व्यायाम करणार आहे. नुसतं ‘जिम’ म्हटलं तर त्यांना अंदाज येणार नाही. सळई धरल्यावर दातांतून हवा सोडत राहायची सवय लावा.

पकडीची ताकद म्हणजे आयुष्य वाढतं का, हेही तुम्ही विचारलंय. 17 देशांतल्या जवळपास 1 लाख 40 हजार लोकांवरच्या अभ्यासात, जो 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, पकड दर 5 किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त दिसला. पण पकड हे एकूण शरीर कसं आहे त्याचं लक्षण आहे. फक्त ग्रिपर दाबून आयुष्य वाढतं असं त्यातून निघत नाही. तुम्ही स्क्वॉट मारता, चालता-फिरता, ते जास्त महत्त्वाचं.

आणि शेवटचा प्रश्न, कॅप्टन्स ऑफ क्रश या ग्रिपरच्या मालिकेतला नंबर 3 या वयात बंद होईल का. तो बंद करायला लागणाऱ्या जोराची मोजणी 280 पौंड आहे, नंबर 2 ची 195 आणि नंबर 1 ची 140. नंबर 2 आणि 3 मधली दरी मोठी आहे आणि अनेक वर्षं कसून व्यायाम करणारेही तिथे अडकतात. नंबर 4 अधिकृतपणे बंद करणारा पहिला माणूस, जो किनी, 1998 मध्ये आला. आशा सोडू नका, पण त्यासाठी काही वर्षं हाताशी ठेवा. दुखणं उतरल्यावर त्याच मालिकेतला ट्रेनर (नंबर 1 पेक्षा हलका) आणि नंबर 1 एवढे दोनच घ्या. एक हँडल अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर टेकवा, दुसरं करंगळीपर्यंत चारही बोटांत नीट घ्या. प्रत्येक हाताने वेगवेगळं, हँडल एकमेकांना टेकवत, नंबर 1 सलग 10 वेळा बंद होईपर्यंत नंबर 2 मागवायचं कारण नाही.