कॉलेजचा बास्केटबॉल खेळाडू ड्राफ्टसाठी जोखताना

ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते. त्यासाठी गुणांची सरासरी आधी बाजूला ठेव. पहिलं वय बघ: १९ वर्षांच्या पोराचे १५ गुण आणि २२ वर्षांच्याचे १५ गुण सारखे धरू नकोस. एका मोसमातली थ्री-पॉइंटची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची, टक्केवारी फसवते, प्रयत्नच थोडे असतात. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर कोणी न अडवता मिळणारे फटके, बघ; नेमाचा हात कसा आहे ते तिथे जास्त कळतं. एनबीएची थ्री-पॉइंटची रेषा तर, कोपरे सोडले तर, २३ फूट ९ इंचांवर, कॉलेजपेक्षा दीड फुटाहून लांब.

आणि हायलाइट्स नकोतच, पूर्ण सामने बघ. पुढे एनबीएत बचावासाठी नावाजलेला ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला, तरी २०१२च्या ड्राफ्टमध्ये थेट ३५वा निवडला गेला. उंची कमी वाटली लोकांना! त्याचे पास, त्याचं बचावातलं बोलणं कोणी नीट तोललंच नाही. पुढच्या सामन्यात एकच खेळाडू धर आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना त्याचे पाय बघ.