सायकल-सल्ला : सस्पेन्शनमधलं नवं काय आणि नुसता गाजावाजा काय

या महिन्याच्या टपालात सस्पेन्शनचेच प्रश्न जास्त होते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दरवर्षी कुठली तरी कंपनी मागच्या सस्पेन्शनची नवी रचना काढते आणि आधीचं सगळं टाकाऊ होतं असं सांगते. सध्या चेन वरून नेणारी जादा पुली असलेल्या ‘हाय पिव्होट’ सायकलींची हवा आहे. यात खरंच काही असतं की तीच वस्तू नव्या रंगात? (एक वाचक, खारघर)

असतं. पण जाहिरातीत सांगतात तेवढं नसतं, आणि नवं तर फारच क्वचित. हाय पिव्होट (मागचा भाग ज्यावर झुलतो तो सांधा, म्हणजे पिव्होट, उंचावर) आणि पुली ही जोडी 2000 च्या आसपास बाल्फा या कॅनडातल्या कंपनीच्या ‘बीबी 7’ या डाउनहिल सायकलवर होती.

मुळात सगळ्या लिंकेजचा, म्हणजे मागचं चाक झुलवणाऱ्या दांड्या-सांध्यांच्या जोडणीचा, झगडा एकाच गोष्टीशी आहे. जोरात पायडल मारलं की वजन मागे जातं आणि मागचा शॉक दबतो, म्हणजे तुमची थोडी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. पिव्होट योग्य जागी असेल तर चेनचा ताणच शॉकला दबू देत नाही. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. तुम्ही सीटवर बसल्यावर शॉक जिथे स्थिरावतो त्या जागी तो 100 टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, असा साधारण रिवाज. तो फार वाढवला तर चाक दगडावर चढताना चेन ओढली जाते आणि पायडल पायाला उलटा झटका देतं. शिवाय ब्रेक दाबल्यावर सस्पेन्शन आखडू नये, हीही अट असते. हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू-लिंक या नावांच्या लिंकेज-रचना या सगळ्या याच ओढाताणीतल्या वेगवेगळ्या तडजोडी आहेत. तिन्ही बाबतींत शंभर गुण मिळवणारी रचना अजून कुणी बनवलेली नाही.

हाय पिव्होटमध्ये चाक आदळल्यावर नुसतं वर न जाता वर आणि मागे सरकतं. त्यामुळे धक्का थोडा उशिरा आणि कमी जोराने लागतो, वेग मोडत नाही. पण चाक मागे गेलं की चेन जास्त लांब लागते आणि पायडलला झटका बसणार. तो टाळायला चेन पिव्होटजवळून वळवतात, पुली त्यासाठीच. वजन वाढतं, पुलीपाशी घर्षण होतं, चिखल सुकला की ती कुरकुरते आणि चेन नेहमीपेक्षा लांब घ्यावी लागते. मोठमोठ्या दगडांच्या उतारावर वेगाने जाणाऱ्याला हा सौदा परवडतो. खारघर हिलचा डांबरी चढ चढून त्याच रस्त्याने उतरणाऱ्याने पैसे देऊन घर्षण विकत घेऊ नये.

खरं-खोटं ओळखायला आम्ही एक बाजारी कसोटी लावतो : पेटंट संपल्यावर स्पर्धक काय करतात? हॉर्स्ट लिंक हॉर्स्ट लाइटनर यांची. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपुढे, खालच्या दांड्यात एक पिव्होट, एवढीच कल्पना. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने 1998 मध्ये तिचं पेटंट विकत घेतलं. 2013 मध्ये अमेरिकेतलं पेटंट संपलं आणि इतरांनी ती रचना उघडपणे वापरायला घेतली. उलट 1990 च्या दशकात ट्रेकच्या वाय-फ्रेमवर आणि क्लाइनच्या मँट्रावर जी रचना होती तिच्यात पायडलचा सांधा मागच्या झुलत्या भागावरच बसवलेला होता. पायडल मारताना छान वाटायचं. पण उतारावर उभं राहिलं की सगळं वजन त्याच भागावर येई आणि ऐन गरजेच्या वेळी सस्पेन्शन कडक होई. ती आज कुणी फुकटातही उचलत नाही.

दुकानात विचारायचंच असेल तर लिंकेजचं नाव विचारू नका. शॉकला रिबाउंडचा (दबलेला शॉक किती वेगाने परत यावा ते ठरवणारा) स्क्रू आहे का, सील किट (तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच) इथे मिळतं का आणि पिव्होटची बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या मापाची आहेत का, हे विचारा. चांगल्या डॅम्परची (डॅम्पर म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) साधी, एकाच सांध्यावर झुलणारी सिंगल पिव्होट सायकल वाईट डॅम्परच्या भारी लिंकेजला सहज मागे टाकते.

प्रश्न : घोडबंदर रोडचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉक यांमुळे मनगटं आणि कंबर दुखते. 18,000 रुपयांत पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल मिळते आहे. घ्यावी का? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

नको. गाजावाजा बघायचा तर तो इथे आहे, महागड्या सायकलींत नव्हे.

या किमतीत मागचा शॉकअप म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग. तिला आवरणारं तेल, म्हणजे डॅम्पिंग, आत नसतं. दुकानातच तपासा. सीट जोरात खाली दाबा आणि एकदम सोडा. वर येऊन थांबली तर डॅम्पर आहे, दोन-तीनदा उसळली तर नाही. मग मागचं चाक वरच्या बाजूला धरून आडवं हलवा. पिव्होटपाशी टकटक जाणवली तर आत प्लास्टिकचे बुश (सांध्यातल्या कड्या) असण्याची शक्यता आहे आणि एका पावसाळ्यात ते ढिले होतील. अशा स्वस्त फ्रेमचे बुश नंतर मिळत नाहीत, ही पुढची रड.

पुढच्या फोर्कचं वजनही बघा. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क एकटाच अडीच किलोच्या आसपास असतो.

याच पैशांत मागे सस्पेन्शन नसलेली, डिस्क ब्रेकची आणि 2.1 ते 2.25 इंची टायर बसेल अशी सायकल घ्या. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूब असलेल्या 2.25 च्या टायरमध्ये 32 ते 35 पीएसआय हवा ठेवावी. आपल्याकडे पंक्चरवाला बोटाने दाबून साठपर्यंत भरून देतो आणि मग पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट मनगटात जाते. निम्मी तक्रार हवेनेच मिटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी सीटची उंची आणि हँडलचं अंतर तपासा.

प्रश्न : एअर फोर्क आणि एअर शॉकची सायकल घेतली, पण दगडावर दणके बसतात आणि चढावर डुलते. लिंकेज खराब आहे का? (एक वाचक, नेरुळ)

आधी सॅग लावा. तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते सॅग. फोर्कला 15 ते 20 टक्के, मागे 25 ते 30 टक्के. यांत स्प्रिंगऐवजी हवा असते, ती भरायला खास शॉक पंप लागतो. साधा पंप चालणार नाही, तो दाबही देत नाही आणि बारीक फरकही दाखवत नाही.

लॉकआउट, म्हणजे सस्पेन्शन बंद करणारा खटका, उघडा. हेल्मेट, बॅग, पाण्याची बाटली, नेहमीचं सगळं अंगावर घ्या आणि भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. दोन-चार वेळा दाबून सील मोकळे करा, स्थिर व्हा, दांडीवरची रबरी रिंग सीलला टेकवा आणि न दाबता अलगद उतरा. फोर्क मोजताना पायडलवर उभे राहा. 120 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या) फोर्कवर 20 टक्के म्हणजे रिंग 24 मिलिमीटर सरकायला हवी. मागे गफलत होते : इथे चाकाचा ट्रॅव्हल नव्हे, शॉकच्या दांडीचा स्ट्रोक, म्हणजे ती जास्तीत जास्त किती आत जाते ते, धरायचा. स्ट्रोक 50 असेल तर 30 टक्के म्हणजे 15 मिलिमीटर. चाकाच्या 130 वर हिशेब केला तर 39 निघतात आणि माणूस शॉक जवळजवळ रिकामा करून बसतो.

हवा भरताना दर 50 पीएसआयला थांबून शॉक दहाएक वेळा हळूहळू थोडा दाबा, म्हणजे आतल्या निगेटिव्ह चेंबरमध्येही (उलट बाजूने ढकलणाऱ्या हवेच्या कप्प्यात) हवा पोचते. हे टाळलं की दुसऱ्या दिवशी शॉक ठरवल्यापेक्षा जास्त दबतो आणि लोक लीक समजतात. पंप काढताना ‘फुस्स’ होतं ती नळीतली हवा. पंप पुन्हा लावल्यावर काटा कमी दाखवतो कारण शॉकमधली थोडी हवा नळीत येते.

सॅग नीट आहे तरी दर खड्ड्याला रिंग टोकाला जात असेल तर आत एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) वाढवा. टोकाला कधीच जात नसेल तर एक काढा. रिबाउंड मधोमध ठेवून बसल्या-बसल्या फूटपाथच्या कडेवरून उतरा. एकदा उसळून थांबावं. जास्त डोललं तर दोन क्लिक हळू करा.

एवढं करूनही चढावर डुलत असेल तर लिंकेजकडे बोट दाखवा.

प्रश्न : सेन्सर आणि बॅटरीवर आपोआप घट्ट-सैल होणारं सस्पेन्शन? (तोच वाचक)

काम करतं. स्पेशलाइज्डचा ‘ब्रेन’ 2003 पासून बॅटरीशिवाय हेच करत होता, खालून आलेल्या धक्क्याने आतला व्हॉल्व्ह उघडून. रॉकशॉक्स या सस्पेन्शन कंपनीने 2021 मध्ये ‘फ्लाइट अटेंडंट’ आणला. कधी घट्ट व्हायचं ते तो फोर्क, शॉक आणि क्रँक (पायडलचा दांडा) यांवरच्या सेन्सरने ठरवतो. शर्यतीत उतरणाऱ्याला उपयोग आहे. पाम बीच रोडला लॉकआउटचा खटका अंगठ्याने दाबता येतो.

प्रश्न : पावसाळ्यात फोर्क अडखळतो आणि दांडीवर तांबेरा येतो. (एक वाचक, कोपरखैरणे)

खाडीकाठची खारी हवा आणि स्टीलच्या दांड्या, दुसरं काय होणार. प्रत्येक फेरीनंतर दांडी मऊ फडक्याने पुसा. सीलवर पाण्याचा प्रेशर पंप मारू नका, डब्ल्यूडी-40 तर नाहीच. त्याने आतलं ग्रीस धुऊन निघतं. तांबेऱ्याचा ठिपका नखाला लागत असेल तर तो सील कापणार. मग दांडी बदलावी लागते, घासून भागत नाही.

फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस रॉकशॉक्स 50 तासांनी सांगते. रोज तासभर चालवलीत तर दोन महिन्यांच्या आत. पाय उतरवायचे, सील आणि त्याखालची फोमची रिंग साफ करायची, रिंग तेलात भिजवायची आणि दोन्ही पायांत मॅन्युअलमध्ये दिलेलं तेवढंच तेल टाकायचं. मॉडेलप्रमाणे हे माप बदलतं. अंदाजाने जास्त टाकलं तर फोर्क शेवटपर्यंत दबत नाही.

सर्व्हिसला वेळ असेल तर सायकल रात्रभर उलटी ठेवा, आतलं तेल फोमच्या रिंगपर्यंत येतं. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सकाळी सरळ केल्यावर निघण्याआधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून बघा. आत हवा गेली असेल तर पहिल्या दाबाला तो हँडलला टेकतो.