कच्छमध्ये थांबलेले शास्त्रीजी लाहोरकडे कसे निघाले?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर परवा वाद झाला. एकाचं म्हणणं, १९६५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तान कच्छमध्ये घुसला तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी मिळमिळीत तडजोड केली, आणि तेच शास्त्री पाच महिन्यांत लाहोरच्या दिशेने सैन्य पाठवतात, म्हणजे नंतर कुणीतरी त्यांना ढकललं असणार. हे खरं आहे का? आणि आपले यशवंतराव चव्हाण यात नक्की कुठे होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही हो, मला हे अजिबात पटत नाही, आणि शास्त्रीजींबद्दल असं कुणी बोललं की वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते खुर्चीवर बसले तेव्हा काय होतं बघा. २७ मे १९६४ ला नेहरू गेले, ९ जूनला शास्त्रीजींनी शपथ घेतली आणि त्याच महिन्यात त्यांना हार्ट अटॅक आला. देशात धान्य नाही, अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नमदत योजनेच्या गव्हाची जहाजं आली की रेशन दुकानात गहू, त्यात जानेवारी ६५ मध्ये हिंदीच्या प्रश्नावर मद्रास पेटलं आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान त्यांना ऑक्टोबर ६४ मध्ये कराचीत भेटले होते, समोर धोतर नेसलेला, बुटका, हळू बोलणारा माणूस, आणि हा काय लढणार असं अयुबनी मनात धरलं. सगळा घोटाळा तिथेच झाला असं मला वाटतं.

आता कच्छ. रण म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात पांढरंफटक मीठ आणि पावसाळ्यात सगळं पाण्याखाली. तिथे रस्ते पाकिस्तानच्या बाजूने सोयीचे, आपल्या बाजूने नाहीत, आणि समोर अमेरिकेचे पॅटन रणगाडे. अशा जागी जीव खाऊन लढायचं कशासाठी? ६२ मध्ये चीनच्या युद्धात दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ताक फुंकून पिणं आलंच. म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन मध्ये पडले आणि ३० जूनला करार झाला, सीमेचा निर्णय लवादाकडे गेला. त्याची किंमत शास्त्रीजींनी मोजली बरं का, ऑगस्टमध्ये जनसंघाने दिल्लीत प्रचंड मोर्चा काढला, लोकसभेत अविश्वास ठराव आला. पण तुमच्या मित्राला एक तारीख सांगा, २८ एप्रिल १९६५. कच्छचं चालू असतानाच त्या दिवशी शास्त्रीजींनी लोकसभेत सांगितलं होतं की पाकिस्तान असाच वागत राहिला तर आपलं सैन्य आपली रणनीती स्वतः ठरवेल. म्हणजे लढाई त्यांच्या जागेवर नाही, आपल्या जागेवर. हे करार व्हायच्या आधीचं आहे, मग ढकललं कुणी?

मग ५ ऑगस्ट. काश्मीरमध्ये साध्या वेशात घुसखोर उतरले, लोक आपल्या बाजूने उठतील हा पाकिस्तानचा हिशोब, आणि झालं उलटंच, तंगमर्गजवळ एका गुराख्यालाच त्यांनी पैसे देऊन माहिती विचारली आणि तो थेट पोलिसांकडे गेला. २८ ऑगस्टला आपण पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधली हाजीपीर खिंड घेतली. त्यावर १ सप्टेंबरला पहाटे पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले, रोख अखनूरच्या पुलावर. तो चिनाबवरचा पूल गेला असता तर राजौरी, पूंछकडचं आपलं सैन्य अडकलं असतं, इतकी साधी आणि इतकी भयंकर गोष्ट.

आता यशवंतराव. ते ६२ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं आपल्याकडे अजून म्हणतात ते तेव्हाचं. १ सप्टेंबरला दुपारी चारच्या सुमाराला सेनाप्रमुख जनरल चौधरी त्यांच्याकडे आले आणि छांबसाठी विमानं मागितली. हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग तिथेच. ६२ मध्ये आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, शहरांवर बॉम्ब पडतील ही भीती. चव्हाणांनी हो म्हटलं. सव्वापाचच्या सुमाराला पठाणकोटहून विमानं उडाली. त्या संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली, जुनी झालेली विमानं ती, हे वाचताना अजूनही पोटात कालवतं. पण पाकिस्तानचा वेग तिथे मोडला.

तरी अखनूरचा धोका टळला नव्हता. त्यावर उपाय एकच, पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची, म्हणजे लाहोर वाचवायला त्यांना तिकडचं सैन्य इकडे आणावं लागेल. लष्कराचा हा बेत तयार होता पण हो म्हणायचं होतं पंतप्रधानांनी, आणि जगातल्या कुणालाही ते हल्ला करणं वाटलं असतं, ज्या अमेरिकेच्या गव्हावर आपण जगत होतो तिला तर नक्कीच. शास्त्रीजींनी हो म्हटलं. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य सीमेपलीकडे गेलं.

गव्हाची काळजी त्यांनी बाजूला टाकली नव्हती हेही सांगतो. त्याच काळात त्यांनी लोकांना दर सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं. माझ्या आजीचा शंकराचा सोमवार असायचा, दिवसभर उपास आणि संध्याकाळी दिवा लावून, वरणभात करून तो सोडायचा. शास्त्रीजींनी नेमकी तीच वेळ मागितली. आई सांगते, मग आजी देवापुढे साखर ठेवायची, चिमूटभर तोंडात टाकायची, आणि जेवायची ती थेट मंगळवारी सकाळी. शास्त्रीजी ताश्कंदला वारले त्यानंतरही कितीतरी महिने तिचं हे चालू होतं.