अवघड इंग्लिश शब्द पाठ करणाऱ्या भावासाठी

भावा, रोज पन्नास शब्दांची यादी घोकायचं पहिलं बंद कर, मी दोन वर्षं तेच केलं आणि सोलापूरच्या सात रस्ता चौकात चहा पिता पिता निम्मे विसरलो बघ. दिवसाला दोनच घे, पण त्यांचं खानदान काढ. आता पेट्रिकोर घे. पहिल्या पावसाचा मातीचा वास, आपला मृद्गंध. १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या दोन शास्त्रज्ञांनी हा शब्द बनवला, पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये दगड आणि इकोर म्हणजे त्यांच्या देवांच्या अंगातलं रक्त. मे महिनाभर भाजून निघाल्यावर सिद्धेश्वर तलावाजवळ पहिली सर आली ना, की तो शब्द आपोआप आठवतो, पाठ करायची गरजच नाही. डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे कुणाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं (हो, यालाही शब्द आहे!), लॅटिन फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी, आणि १६१८ ला प्रागमध्ये खरंच माणसं फेकली होती, तीन जण, तिघंही वाचले. जगरनॉट, म्हणजे वाटेतलं सगळं चिरडत जाणारी प्रचंड ताकद, तो तर आपल्या पुरीच्या जगन्नाथावरूनच गेलाय.

एक मात्र सांभाळ, आवाजावरून अर्थ लावू नको. एनर्व्हेट म्हणजे मला वाटायचं जोश आणणं, एका इंटरव्ह्यूत ऐटीत बोललो की टीमला एनर्व्हेट करीन, समोरचे गालातल्या गालात हसले, घरी येऊन बघतो तर अर्थ गळपटून टाकणं! आणि हे शब्द वाचताना ओळखायला ठेव, अर्जात कोंबू नको. शेंगाचटणी भाकरीबरोबर चांगली, नुसती कोण खातंय.