लोडरचा लिव्हर ऐकत नाही? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

मृगाच्या तोंडावर दरवर्षी एकाच तऱ्हेचे प्रश्न येतात. शेणखत बांधावर पडलेले, गाळाचे ढीग शेतात टाकलेले, आणि मिनी ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर नेमका तेव्हाच हट्टाला पेटलेला. रावेर, चोपडा, चाळीसगाव, साक्री, शहादा, अमळनेर, पारोळा या भागांतून आलेले प्रश्न खाली घेतले आहेत. ट्रॅक्टर तुम्ही रोज चालवता, त्यामुळे बूम कुठली आणि बकेट कुठली हे सांगत बसत नाही.

सगळ्या उत्तरांच्या आधी एक. लोडर बिघडला की पहिला फोन दुकानदाराला लावू नका. आधी मागची लिफ्ट उचलून बघा. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत पुढच्या लोडरला आणि मागच्या लिफ्टला एकच पंप ऑइल पुरवतो. मागे लावलेला रोटाव्हेटर नेहमीच्या वेगाने उचलला गेला तर पंप धडधाकट आहे, दोष पुढे शोधायचा. मागचे-पुढचे दोन्ही मंदावले असेल तर ऑइलची पातळी, मग जाळी, मग फिल्टर आणि पंप अगदी शेवटी. (लोडरला वेगळा पंप बसवून घेतला असेल तर ही पारख चालणार नाही.) दोन मिनिटांचे काम आहे. ते न करता पंप बदलून आलेले शेतकरी मी पाहिले आहेत. जुना पंप दुकानातच राहिला आणि लोडर होता तसाच.

रावेर: "बकेट वर जास, पन खाले येत नही. दुकानदार म्हणतो कंट्रोल व्हॉल्व्ह गेला, नवा टाका."

व्हॉल्व्ह गेलेला नाही भाऊ. शंभरातल्या बहुतेक वेळा हे कपलिंग, म्हणजे लोडरचे पाइप ट्रॅक्टरला जोडायची तोंडे, असते. लोडर काढून ठेवला होता आणि परत जोडला, त्यानंतरच हे सुरू झाले ना? आठवून बघा.

जोडणीच्या दोन्ही तोंडांत स्प्रिंगवरची एकेक बोंडी असते. कपलिंग पूर्ण बसले की दोन्ही बोंड्या एकमेकींना मागे ढकलतात आणि वाट मोकळी होते. अर्धवट बसले तर ऑइल एका दिशेने कसेबसे रेटून जाते, परतीच्या वाटेवर मात्र बोंडी तोंड बंद करते. म्हणून जॅक (बूम-बकेट हलवणारा ऑइलचा सिलिंडर) वर चढतो आणि तिथेच अडकतो. बाहेरून बघाल तर कपलिंग जोडलेले दिसते. कॉलर पुढे सरकून 'टक्' झाली का, हे बोटाने चाचपायचे, नुसते डोळ्याने बघून भागत नाही.

ते अर्धवट का बसते? एक कारण धूळ. दुसरे आपल्याकडचे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो. काढून ठेवलेला पाइप उन्हात पडला की आतले ऑइल फुगते, त्याला जायला जागा नसते आणि बोंडी आतून दाबून धरली जाते. मग माणूस हातोडी घेतो. हातोडी घेऊ नका. लोडर सावलीत न्या, पाइपांवर ओले पोते टाका, तासाभराने बघा. ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब सोडायला इंजिन बंद करून लिव्हर चारही दिशांना दोन-तीनदा फिरवा. एवढ्यावर कपलिंग हाताने बसते.

बकेट वरच अडकली असेल तर गोष्ट वेगळी. भुजांखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही. विटांचा ढीग म्हणजे टेकू नव्हे. आणि वर असलेल्या लोडरचे कपलिंग किंवा नट सोडायचा नाही, कोणीही सांगितले तरी नाही. फक्त बाजूला उभे राहून कपलिंग आत दाबायचे. बसले नाही तर फिटर बोलवा.

चाळीसगाव: "धरणातला गाळ भरताना बकेट जमीन सोडत नाही. शेणखत मात्र आरामात उचलते. ज्याने लोडर बसवला तो म्हणतो, रिलीफचा स्क्रू दोन आटे आवळून देतो."

आवळू देऊ नका. पुन्हा सांगतो, आवळू देऊ नका.

नाना, ओला गाळ तेवढ्याच शेणखताच्या जवळपास दुप्पट भरतो. बकेट तीच, वजन दुप्पट. लोडर बिघडलेला नाही, तो नाही म्हणतोय. मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचा दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला 150 ते 200 किलोच्या दरम्यान बांधलेला असतो आणि त्याच्यावर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह ऑइल टाकीकडे सोडतो. तो व्हॉल्व्ह आहे म्हणून पाइप फुटत नाही, पंपाची बॉडी तडकत नाही, पुढचा एक्सल वाकत नाही. स्क्रू आवळला की पहिल्या आठवड्यात मजा वाटते. मग पाइपाच्या टोकाला घाम फुटतो, पंपाचे सील जाते, आणि ज्याने आवळला तोच नवा पंप विकायला हजर असतो. गेज न लावता आवळलेला स्क्रू म्हणजे मोजमाप न करता ओतलेले औषध. किती झाले हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दाब खरोखर कमी पडतोय असे वाटत असेल तर गेज लावून, ऑइल गरम झाल्यावर, इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर ठेवून मोजायचा. मोजणारा गेज आणत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गाळासाठी बकेट पाऊण भरा. बकेट जमिनीलगत ठेवूनच चाला आणि मागे वजन बांधा. लोडर चालवताना मागे काहीच नसलेला मिनी ट्रॅक्टर बांध उतरताना मागची चाके उचलतो. ब्रेक मागच्या चाकांना आहेत हे तेव्हा आठवून उपयोग नाही. मागे रोटाव्हेटर राहू द्या किंवा सिमेंटचा ठोकळा लावा. आणि लोडर बसवणाऱ्या त्याच माणसाने मोठी बकेट बनवून देतो म्हटले तर त्याचेही उत्तर नाहीच.

साक्री: "लिव्हर ओढला की बूम हिसके देत वर जाते, पंप किंचाळतो. ऑइल पातळ पडले म्हणून 90 नंबर टाकायला सांगितले."

पंप किंचाळतो कारण त्याला ऑइल ओढता येत नाही. त्यात 90 नंबरसारखे जाड गिअर ऑइल टाकले तर आणखी ओढता येणार नाही. इतके साधे आहे, तरी दरवर्षी कोणीतरी 90 नंबर ओतून येतोच.

आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजायची काडी बघा. बूम वर ठेवून पातळी बघितली तर ती कमीच दिसते, कारण ऑइल जॅकमध्ये गेलेले असते. तशात वरून भरले की बूम खाली आल्यावर टाकी खुणेच्या वर जाते. मग फेस होतो, ऑइल तापते, टाकीच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) बाहेर येते. कमी ऑइल जितके वाईट तितकेच जास्त ऑइलही. खुणेपर्यंत भरा, खुणेच्या वर एक पेलाही नको.

काडीवर फेस दिसला तर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूने हवा शिरतेय: सैल क्लॅम्प, चिरलेला पाइप, कडक झालेली ओ-रिंग. ऑइल ताकासारखे पांढरे झाले असेल तर पाणी गेलेय. मोटरीच्या पाइपाने धुताना ब्रीदरवर फवारा मारला असेल किंवा ट्रॅक्टर पावसात उघडा राहिला असेल. पांढरे ऑइल तापवून वापरायचे नाही, पूर्ण काढायचे. ऑइल स्वच्छ आणि पातळीत, तरी आवाज असेल तर जाळी काढून बघा. जाळीवर काळी पेस्ट आणि चमकणारे कण असतील तेव्हाच पंपाचा विचार करा.

ग्रेड कुठला, हे तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेय. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रोलिकचे ऑइल एकाच टाकीत असते, म्हणजे चुकीचे ऑइल फक्त लोडर नाही तर ऑइलमध्ये बुडालेले (ओले) ब्रेक आणि गिअरही बिघडवते. "हे सगळ्यांना चालते" म्हणून दिलेला सुटा डबा घेऊ नका. इंजिन ऑइल मिसळू नका. बाटलीतले "सील फुलवणारे" औषध तर अजिबात नको. ते सीलला फुलवते आणि पुढे त्याचा लगदा करते. मग बिल तुमच्या नावावर.

आणि वेळ. ऑइल बदलण्याचे काम कामाच्या भरात, धुळीच्या वाऱ्यात, उघड्या खळ्यावर करू नका. चैत्रातच, सकाळी वारा पडलेला असताना, फडक्याने झाकण पुसून करा. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी टाकी उघडणारे आमच्याकडे जूनमध्ये येतातच.

शहादा: "लिव्हर पुढे ढकलला की तिथेच अडकतो आणि बकेट स्वतःहून खाली पडते. स्प्रिंग तुटली का?"

नाही. ते फ्लोट आहे, मुद्दाम दिलेले. बकेट जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे आपोआप वरखाली होत घसटत जावी म्हणून. फक्त बकेट वर असताना तिथे जायचे नाही, दणकन खाली येते. पोरांना आधी हे शिकवा.

चोपडा: "संध्याकाळी वर ठेवलेली बकेट सकाळी जमिनीला. सील किट किती रुपयांना?"

किट नको. स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत लिव्हरने सरकणारा दांडा) आणि त्याच्या बॉडीमध्ये केसाएवढी फट असतेच, त्यातून ऑइल झिरपते. रात्रभरात खाली येणे हा दोष नाही. वजन घेऊन उभे असताना मिनिटा-मिनिटाला डोळ्यादेखत खाली सरकत असेल तर दोष. मुळात बकेट रात्री वर ठेवलीच का, हा माझा प्रश्न आहे.

माझे एक ठरलेले सांगणे आहे आणि ते मी प्रत्येक बैठकीत सांगतो. संध्याकाळी बकेट सपाट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर चारही दिशांना फिरवून दाब सोडा, कपलिंग कोरड्या फडक्याने पुसा. लोडर काढला असेल तर चारही कपलिंगांना टोपणे लावा. टोपण हरवले असेल तर आजच नवे आणा. स्पूलवर ओरखडा पाडायला वाळूचा एक कण पुरतो, आणि तो कण आत शिरतो तो याच तोंडांतून. टेफ्लॉन टेप गुंडाळून जोडणी करणाऱ्यालाही थांबवा, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

अमळनेर: "लिव्हर जड झालाय, सोडला तर मधे परत येत नाही."

केबल व्हॉल्व्हपासून सोडा, इंजिन बंद आणि बकेट खाली असताना. स्पूल हाताने सहज हलून मधे परत आला तर दोष केबलमध्ये: गंज, माती किंवा तीव्र वळण. केबल बदला, पैसे कमी. स्पूलच अडकत असेल तर खोलायच्या आधी व्हॉल्व्हचे माउंटिंग बोल्ट थोडे सैल करून बघा. लोडर वर्कशॉपमध्ये बसवताना पट्टी वाकडी असते, बोल्ट पान्याला नळी लावून आवळतात, बॉडी केसभर पिळते आणि स्पूल आत घट्ट होतो. बोल्ट सैल करताच लिव्हर मोकळा झाला तर खाली वॉशर घालून पट्टी सरळ करा आणि सगळे बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळा. एवढ्यासाठी पूर्ण व्हॉल्व्ह बदलल्याची बिले मी पाहिली आहेत.

पारोळा: "फक्त बकेटचा जॅक कमजोर आहे, बूम ठीक."

दाब सोडून बूमचे दोन पाइप आणि बकेटचे दोन पाइप एकमेकांच्या जागी लावा, कपलिंग एकाच मापाचे असतील तर. आता बूमचा लिव्हर बकेट चालवेल, म्हणून जवळ कोणी नको. बकेट तरीही कमजोर तर जॅक किंवा त्याचा पाइप. बूम कमजोर झाली तर व्हॉल्व्हचा तो भाग. यासाठी एक पैसा लागत नाही, आणि फिटरला हे करायला सांगितले की तो तुमच्याशी जरा जपून बोलतो.

पाइपातून बारीक गळती शोधताना हात फिरवू नका. दिसणार नाही इतक्या छिद्रातून सुटलेली ऑइलची धार कातडी भेदून आत जाते, बाहेर सुईएवढा टोचा दिसतो आणि आत मांस सडत जाते. पुठ्ठा धरून शोधा. टोचल्यासारखे झाले तर हळद-चुना नाही, त्याच तासाला शल्यक्रिया होते अशा दवाखान्यात जा आणि दाबाचे ऑइल शिरले असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

अनेकांचा प्रश्न: "लोडरला अनुदान बसते का?"

ट्रॅक्टर आणि औजारांचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. शेतकरी ओळख क्रमांक तयार ठेवा. निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग खरेदी, हा क्रम उलटा करायचा नाही. पूर्वसंमतीत जे औजार लिहिलेय तेच घ्यायचे. लोडर त्यात लिहिलेला नसेल तर तो स्वतःच्या पैशाचा समजा. बाकी चौकशी तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे करा. दुकानदार "आधी ट्रॅक्टर घेऊन जा, अनुदान मागून बसवून देतो" म्हणाला तर चावी टेबलावर ठेवून बाहेर या.