कांद्याच्या साठेबाजांवर कारवाई का होत नाही आणि काही लोक त्यांची बाजू कशी काय घेतात?

त्या ‘काही लोकां’मधली मी एक. माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं, घरी कांद्याची शेती.

कारवाई होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ पासून आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. २०२० मध्ये केंद्राने याच कायद्यातली साठ्याची बंधनं सैल केली आणि २३ ऑक्टोबरला कांद्यावर पुन्हा आवळली. घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळवाल्याला २ टन. निर्यात सप्टेंबरमध्येच बंद केली होती.

२५ टन म्हणजे आमच्याकडच्या दहा-बारा ट्रॉल्या. लिलावात घेतलेला माल खळ्यावर ओतायचा, गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब कांदा) बाजूला काढायची, गोण्या भरायच्या, ट्रक मिळवायचा. यात दोन-तीन दिवस जातात आणि त्या मर्यादेमुळे तेवढ्यात माणूस गुन्हेगार ठरायचा. व्यापाऱ्यांनी लिलावाला यायचंच थांबवलं.

वडिलांनी एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला होता. त्या वर्षी पाऊस हटेना. आई सहा महिने सडका कांदा वेचत होती, तिच्या लुगड्याचा वास जात नव्हता. शेवटी नव्वदेक क्विंटल हाती राहिला. पहिली ट्रॉली भरून वडील बाजार समितीच्या फाटकापर्यंत गेले आणि तशीच परत घेऊन आले. लिलाव सुरू झाले तेव्हा कांद्याला कोंब आले होते आणि भाव क्विंटलमागे हजाराहून जास्त रुपयांनी उतरला होता. वडील घरी येऊन काहीच बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

त्याच दिवाळीत, पुण्यात फराळाच्या ताटावर माझे मोठे दीर म्हणाले, “बरं झालं, साठेबाजांना दणका बसला.” सगळे बसले होते, मी गप्प राहिले. ते अजून सलतं.

भाऊजी, उन्हाळ कांदा निघतो मार्च ते मे. पुढचा नवा माल यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. मधले महिने पुण्याला कांदा मिळतो तो कुणीतरी पैसा अडकवून, सड सोसून ठेवलेला असतो म्हणून. भाव चढला तर तो कमावतो. पडला तर त्याचं नुकसान भरून द्यायला कुणी येत नाही. मे महिन्यात गावभर कांदा ओसंडत असताना घेणारा तोच असतो. त्याला घाबरवलंत तर तेव्हाचा भाव मातीत जातो आणि पुढच्या वर्षी चाळ बांधायला कुणी धजत नाही. भाव वाढल्याचा राग मी समजू शकते, पण त्यासाठी गोदामावर धाड नको. निर्यातबंदीही नको.

व्यापारी संत आहेत असं मात्र मी म्हणत नाही. लिलावात आपसात ठरवून बोली दाबतात, हे वडिलांनी आयुष्यभर भोगलंय. त्यावर उपाय म्हणजे परवाने खुले करा, बाहेरचे खरेदीदार येऊ द्या. चार लोकांची मिलीभगत वेगळी आणि माल राखून ठेवणं वेगळं.

आणि भाऊजी, दर मे महिन्यात तुम्ही आमच्याकडून दोन गोण्या नेता, गॅलरीत पसरून दिवाळीपर्यंत पुरवता. वहिनी त्याला बेगमी म्हणतात. माझ्या वडिलांनी चाळीत तेच केलं होतं.