अंग बाहेर येण्याच्या तक्रारीबद्दल

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

‘अंग बाहेर येते’ (म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरते) असे सांगणाऱ्या बाईला तपासले, पण विशेष काही आढळले नाही, असे तू लिहिलेस. तिला सकाळच्या ओपीडीत उताणे झोपवूनच तपासलेस ना? दिवसभर उभ्याने राबल्यावर उतरणारे अंग त्या वेळी आपल्या जागी असते. लघवी करून आल्यावर तिला डाव्या कुशीवर वळव, सिम्स स्पेक्युलम या उपकरणाने योनीची एकेक भिंत बाजूला धरून कुंथायला सांग, आणि ‘घरी एवढेच येते का?’ हे तिलाच विचार. ती ‘नाही’ म्हणाली, तर तिला उभे करून पुन्हा तपास.

‘दुसऱ्या डिग्रीचा प्रोलॅप्स’, म्हणजे अंग उतरले आहे, एवढ्यावर नोंद संपवू नकोस. पुढची भिंत, गर्भाशयमुख आणि मागची भिंत यांपैकी काय, किती उतरले, ते योनीच्या तोंडाशी असलेल्या योनिपटलापासून सेंटिमीटरमध्ये लिही. १९९६ पासून रूढ असलेली पॉप-क्यू ही मोजमापाची पद्धत त्यासाठीच आहे. उतरलेला भाग आत सारून खोकायला लावायला विसरू नकोस, कारण मूत्रमार्ग दुमडल्यामुळे झाकली गेलेली लघवीची गळती शस्त्रक्रियेनंतर उघडी पडते आणि बाई म्हणते, डॉक्टरांनी नवेच दुखणे दिले. तिचे म्हणणे अगदीच चूक नसते. बाहेर राहिलेल्या भागावर जखम असेल आणि ती उपचारांनी भरत नसेल, तर बायोप्सी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता उपचारांविषयी. सैल पडतात ते आधार. गर्भाशय बिचारे त्यांच्यामागे ओढले जाते. तरीही ‘पिशवी काढून टाकू’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर उच्चारले जाते. मूल हवे असलेल्या तरुणींसाठी मुंबईच्याच स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शिरोडकरांनी गर्भाशय माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी पट्टीने बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, तर डॉ. पुरंदऱ्यांच्या पद्धतीत ते पोटाच्या पुढच्या आवरणाला टांगतात. गर्भाशय काढावेच लागले, तरी योनीचा माथा पक्क्या अस्थिबंधाला बांधला नाही, तर काही वर्षांनी तोच खाली येतो.

त्रासच नसेल, तर काही न करणे हाही उपचारच आहे. सौम्य अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान सोळा आठवडे, स्वतः शिकवून करून घे. रिंग पेसरीला, म्हणजे योनीत बसवून अंग वर धरणाऱ्या कडीला, आपले सहकारी उगाच कमी लेखतात. योग्य मापाची रिंग, नियमित तपासणी आणि पाळी गेलेल्या बाईला गरजेनुसार इस्ट्रोजेन मलम, एवढ्यावर अनेकींचे भागते.

त्या बाईला पुन्हा बोलाव, शक्यतो संध्याकाळी, कामावरून परतताना.

तुझी,
मॅडम